नाइल रॉजर्स यांची सांगीतिक कारकीर्द : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाइल रॉजर्स नेमके कोण, आणि त्यांना रॉकचे म्हणावे की डिस्कोचे?

नाइल रॉजर्स हे अमेरिकी गिटारवादक, संगीतकार आणि रेकॉर्ड प्रोड्यूसर आहेत. त्यांचा जन्म १९ सप्टेंबर १९५२ रोजी न्यू यॉर्क शहरात झाला. १९७७ ते १९७९ या काळात ‘शीक’ या बॅण्डसाठी त्यांनी बर्नार्ड एडवर्ड्स यांच्याबरोबर केलेली गाणी डिस्कोच्या इतिहासात अग्रभागी मोडतात. पुढे १९८३ मध्ये डेव्हिड बोवी यांचा ‘लेट्स डान्स’ आणि १९८४ मध्ये मॅडोना यांचा ‘लाइक अ व्हर्जिन’ हे अल्बम त्यांनीच घडवले. रॉक की डिस्को, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी ही ध्वनिमुद्रणे एकामागून एक ऐकावीत. गायक बदलतात, पण गिटार वाजवणारा उजवा हात तोच राहतो. माझ्या मते हा भेद संगीतातला कधीच नव्हता. तो दुकानातल्या कप्प्यांचा आणि रेडिओ केंद्रांच्या धोरणांचा होता, आणि त्यामागे वर्णभेदाचाही मोठा वाटा होता.

त्यांची सुरुवात कशी झाली?

त्यांचे बालपण खडतर होते. त्यांचा जन्म झाला तेव्हा त्यांची आई जेमतेम चौदा वर्षांची होती, आणि घरातल्या मोठ्या माणसांना हेरॉइनचे व्यसन होते. हे सर्व त्यांनी स्वतः मोकळेपणाने सांगितलेले आहे. किशोरवयात ते कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर या चळवळीत होते. विशीच्या उंबरठ्यावर त्यांना ‘सेसमी स्ट्रीट’ या लहान मुलांच्या कार्यक्रमाच्या दौऱ्यावरील वाद्यवृंदात काम मिळाले, आणि त्यानंतर हार्लेममधील अपोलो थिएटरच्या कायमस्वरूपी वाद्यवृंदात. अपोलोच्या रंगमंचावर दर आठवड्याला नवे गायक येत आणि वादकाला समोरच्या कागदावर जे लिहिलेले असेल ते तिथल्या तिथे वाजवावे लागे. जॅझची बैठक, स्वरलेखन वाचण्याची सवय आणि कोणत्याही गायकाला साथ देण्याची तयारी या गोष्टी पुढे त्यांच्या कामी आल्या. त्या त्यांनी अशा पोटापाण्याच्या कामांतून कमावल्या होत्या.

१९७० मध्ये त्यांची बेसवादक बर्नार्ड एडवर्ड्स यांच्याशी गाठ पडली. दोघांनी अनेक नावांखाली काम केले, ‘न्यू यॉर्क सिटी’ या गायनसमूहाला साथ केली आणि ‘बिग ॲपल बॅण्ड’ या नावाने स्वतःचा संचही उभा केला. १९७६ मध्ये वॉल्टर मर्फी यांचे बीथोव्हनच्या रचनेवर आधारलेले डिस्को गाणे गाजले आणि त्यावरही ‘बिग ॲपल बॅण्ड’ हेच नाव होते. त्यामुळे या दोघांना नाव बदलावे लागले.

‘शीक’ हे नाव आणि तो नेटका पोशाख कोठून आला?

नावाचा उच्चार ‘चिक’ असा नसून ‘शीक’ असा आहे. फ्रेंच भाषेतील या शब्दाचा अर्थ ऐटबाज, अभिरुचीपूर्ण. रॉजर्स यांनी लंडनमध्ये ‘रॉक्सी म्युझिक’ या रॉक बॅण्डचा कार्यक्रम पाहिला आणि त्यांचा देखणा, उंची पेहराव त्यांच्या मनात ठसला. दुसरीकडे चेहरे रंगवून वावरणाऱ्या ‘किस’ या बॅण्डकडून त्यांनी अनामिकतेचा धडा घेतला. वादकांचे चेहरे ओळखीचे नसले तरी चालेल, पण संचाची प्रतिमा पक्की हवी, हा तो धडा. म्हणूनच १९७७ च्या पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठावर बॅण्डऐवजी दोन मॉडेल दिसतात. डिस्कोचा सर्वांत ऐटदार मानला गेलेला संच दोन रॉक बॅण्ड पाहून घडला, ही गोष्ट पहिल्या प्रश्नाच्या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखी आहे.

त्यांची गिटार वाजवण्याची पद्धत वेगळी आहे असे म्हणतात. म्हणजे नेमके काय?

या पद्धतीला गिटारवादक ‘चकिंग’ म्हणतात. आपल्याकडच्या लयीच्या भाषेत ती समजून घेणे सोपे जाते. चार मात्रांचे एक आवर्तन धरा आणि प्रत्येक मात्रेचे चार समान भाग करा, म्हणजे चौगुनीत सोळा जागा मिळतात. रॉजर्स यांचा उजवा हात या सोळाही जागांवर वरखाली चालत राहतो, तो थांबतच नाही. स्वर कोठे वाजायचा आणि कोठे नाही, हे डावा हात ठरवतो. बोटे पट्टीवर दाबली की स्वर उमटतो, किंचित सैल सोडली की तारा मिटतात आणि फक्त ‘खट्’ असा कोरडा आघात ऐकू येतो. ढोलकीवादक मुख्य बोलांच्या मधल्या जागा हलक्या हाताने भरत जातो, तसेच हे भरलेपण असते. ऐकणाऱ्याला चार-पाच स्वर जाणवतात, पण अंग डोलते ते न वाजलेल्या स्वरांच्या त्या खटखटीमुळे.

दुसरी बाब स्वरसंगतीची. सहाही तारांवर भरगच्च कॉर्ड वाजवण्याऐवजी ते दोन-तीन तारांचेच तुकडे घेतात आणि तीच कॉर्ड गिटारच्या गळ्याच्या वेगवेगळ्या जागी उलटसुलट मांडत जातात. त्यामुळे गिटार ताल धरते आणि त्याच वेळी एक छोटी चालही गुणगुणते. हे जॅझच्या शिक्षणाचे फळ आहे. खालचा सगळा पट्टा बेसला मोकळा मिळतो, म्हणून एडवर्ड्स यांच्या बोटांना इतका वाव मिळाला.

वाद्याचीही कथा आहे. रॉजर्स आधी जॅझवादकांची पोकळ अंगाची जाड गिटार वाजवत. एडवर्ड्स यांनी त्यांना फेंडर स्ट्रॅटोकास्टर घेण्याचा आग्रह धरला. मायामी बीच येथील एका दुकानात त्यांनी आपली गिटार देऊन तिच्या बदल्यात एक पांढरी स्ट्रॅटोकास्टर घेतली आणि वर थोडे पैसेही परत मिळाले, कारण तेव्हा ती हलक्या मोलाची होती. १९६० चे धड आणि १९५९ चा गळा असलेली ही गिटार पुढे ‘हिटमेकर’ या नावाने प्रसिद्ध झाली आणि २०१४ मध्ये फेंडर कंपनीने तिची हुबेहूब प्रतिकृती बाजारात आणली.

‘ल फ्रीक’ हे गाणे एका अपमानातून जन्मले, ही हकीकत खरी आहे का?

खरी आहे. ३१ डिसेंबर १९७७ च्या रात्री गायिका ग्रेस जोन्स यांनी रॉजर्स आणि एडवर्ड्स यांना न्यू यॉर्कच्या ‘स्टुडिओ ५४’ या क्लबमध्ये बोलावले होते. यादीत नाव नसल्याने दारावरच्या माणसाने त्यांना आत सोडले नाही. आत त्यांचीच गाणी वाजत असत आणि ते मात्र थंडीत बाहेर उभे होते. संतापून दोघे जवळच असलेल्या रॉजर्स यांच्या घरी गेले आणि गिटार व बेस घेऊन बसले. दारावरच्या माणसाला दिलेली शिवीच सुरुवातीला गाण्याचे धृपद होती. ती रेडिओवर चालणार नाही हे उघड होते, म्हणून शब्द बदलले आणि ‘फ्रीक आउट’ आले. १९७८ च्या अखेरीस हे गाणे अमेरिकेतील लोकप्रिय गाण्यांच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर गेले, तेथून दोनदा खाली उतरले आणि दोन्ही वेळा पुन्हा वर चढले.

डिस्कोची गाणी उथळ असतात, मग यांत विशेष काय?

हा आक्षेप मला मनापासून अन्यायकारक वाटतो. रॉजर्स आपल्या प्रत्येक गाण्यात एक दडलेला खोल अर्थ असलाच पाहिजे, असा नियम पाळत आणि तो अर्थ स्वतःला सांगता आल्याशिवाय गाणे पुरे झाले असे मानत नसत. १९७९ मध्ये अमेरिकेत महागाई आणि पेट्रोलची टंचाई होती. त्या वर्षी आलेल्या ‘गुड टाइम्स’च्या शब्दांत १९३० च्या महामंदीतील जुन्या गाण्यांचे पडसाद जाणीवपूर्वक पेरलेले आहेत. सुखाचे दिवस आले असे म्हणणाऱ्या त्या ओळी वाईट दिवसांतच गायल्या जातात, हे त्यांना सुचवायचे होते. त्यांच्या पहिल्या गाजलेल्या गाण्यातील ‘याउझा’ ही आरोळीसुद्धा जुन्या नृत्यवृंदांच्या काळातली आहे. नाचणाऱ्याला हे काही कळले नाही तरी बिघडत नाही, पण लिहिणाऱ्याने ते लिहून ठेवलेले आहे.

रेकॉर्ड प्रोड्यूसर म्हणजे पैसे लावणारा निर्माता का?

नाही. आपल्याकडे निर्माता म्हटले की चित्रपटाला भांडवल पुरवणारा माणूस डोळ्यांसमोर येतो, म्हणून हा गोंधळ होतो. रेकॉर्ड प्रोड्यूसर हा ध्वनिमुद्रणाचा दिग्दर्शक असतो. गाण्याची रचना पक्की करणे, वादक निवडणे, कोणते वाद्य कोठे बोलेल आणि कोठे गप्प राहील हे ठरवणे, गायकाकडून योग्य ते गाऊन घेणे आणि शेवटच्या मिश्रणापर्यंत, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवण्यापर्यंत, लक्ष ठेवणे ही त्याची कामे. मुंबईच्या चित्रपटसंगीतात अनिल मोहिले किंवा अरुण पौडवाल यांच्यासारख्या संगीत संयोजकांनी जे केले त्याच्याशी या कामाचा मोठा भाग जुळतो. फरक इतकाच की पाश्चात्त्य प्रोड्यूसरचे नाव वेष्टनावर ठळक छापले जाते आणि त्याला विक्रीतील हिस्सा मिळतो.

रॉजर्स आणि एडवर्ड्स यांची या कामातील दृष्टी ‘सिस्टर स्लेज’च्या प्रकरणात दिसते. ‘शीक’च्या यशानंतर ॲटलांटिक कंपनीने त्यांच्यापुढे बड्या कलावंतांची नावे ठेवली. त्यांनी ती बाजूला सारून तुलनेने अपरिचित अशा चार बहिणींचा हा संच मागितला, कारण मोठ्या नावाचे गाणे गाजले तर श्रेय त्या नावाला जाते आणि अपरिचितांचे गाजले तर ते घडवणाऱ्याकडे लोक वळून पाहतात. त्यातून १९७९ मध्ये ‘वी आर फॅमिली’ आले. त्याच वर्षी बेसबॉलची जागतिक मालिका जिंकणाऱ्या पिट्सबर्ग पायरेट्स संघाने ते गाणे आपलेसे केले होते.

पुढच्या वर्षी गायिका डायना रॉस यांच्या अल्बमवेळी उलटा अनुभव आला. न्यू यॉर्कच्या एका क्लबात डायना रॉस यांच्यासारखा वेष केलेले अनेक पुरुष एकाच वेळी पाहून रॉजर्स यांना ‘आय ॲम कमिंग आउट’ची कल्पना सुचली. अल्बम तयार झाला, पण मोटाउन कंपनीने या दोघांना बाजूला ठेवून त्याचे मिश्रण पुन्हा केले. ‘अपसाइड डाउन’ पहिल्या क्रमांकावर गेले, अल्बम तुफान खपला, मात्र त्यांचे मूळ मिश्रण २००३ पर्यंत कोणाला ऐकायला मिळाले नाही.

१९७९ मध्ये असे काय घडले की डिस्को एकाएकी नकोसा झाला?

१२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कॉमिस्की पार्क मैदानावर बेसबॉलचे दोन सामने लागोपाठ होणार होते. रेडिओ निवेदक स्टीव्ह डाल यांनी आवाहन केले की जो डिस्कोची रेकॉर्ड आणेल त्याला ९८ सेंटमध्ये प्रवेश मिळेल आणि दोन सामन्यांच्या मध्ये त्या रेकॉर्डचा ढीग स्फोटाने उडवला जाईल. स्फोट झाला, हजारो लोक मैदानात घुसले, आणि मैदानाची इतकी नासधूस झाली की यजमान संघाला दुसरा सामना प्रतिस्पर्ध्यांना बहाल करावा लागला.

अनेकांना ती गंमत वाटली. परंतु डिस्को हे प्रामुख्याने कृष्णवर्णीय, लॅटिन आणि समलिंगी समाजांच्या क्लबांतून वर आलेले संगीत होते, आणि त्या ढिगात डिस्कोशी काही संबंध नसलेल्या कृष्णवर्णीय कलावंतांच्या रेकॉर्डही होत्या. जे जाळले जात होते तो केवळ एक ताल नव्हता. रॉजर्स यांना या घटनेने पुस्तके जाळण्याची आठवण झाली. त्या ऑगस्टमध्ये ‘गुड टाइम्स’ पहिल्या क्रमांकावर पोहोचले आणि पुढच्याच आठवड्यात ‘द नॅक’ या रॉक बॅण्डच्या गाण्याने ती जागा घेतली. ‘शीक’चे एकही गाणे पुन्हा तितके वर गेले नाही. १९८३ मध्ये संच थांबला.

‘गुड टाइम्स’चा हिप-हॉपशी काय संबंध?

थेट संबंध आहे. न्यू यॉर्कचे डीजे या गाण्यातील बेसचा तुकडा दोन तबकड्यांवर आलटून-पालटून वाजवत आणि त्यावर मुले शब्द म्हणत. १९७९ मध्ये शुगरहिल गँगचे ‘रॅपर्स डिलाइट’ आले. त्यात तोच बेस वादकांकडून नव्याने वाजवून घेतला होता, परंतु मूळ कर्त्यांचे नाव नव्हते. एका क्लबात ते ऐकून रॉजर्स चकित झाले. कायदेशीर कारवाईचा इशारा दिल्यानंतर त्यांना आणि एडवर्ड्स यांना श्रेय मिळाले. ‘क्वीन’चे बेसवादक जॉन डीकन यांनी ‘शीक’बरोबर काही काळ घालवला होता, आणि १९८० च्या ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’मध्ये त्या बेसची सावली स्पष्ट ऐकू येते. तबकड्या जाळून वर्षभराच्या आत रॉकच्या एका सर्वांत मोठ्या बॅण्डने डिस्कोच्या बेसवर आपले सर्वाधिक खपाचे गाणे उभे केले.

डेव्हिड बोवी यांनी रॉजर्स यांचीच निवड का केली?

१९८२ मध्ये दोघांची भेट न्यू यॉर्कमधील रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या एका क्लबात झाली. रॉजर्स तेव्हा पडत्या काळात होते, त्यांनी केलेल्या कामांना यश येत नव्हते आणि डिस्कोचा शिक्का पुसला जात नव्हता. बोवी यांना रॉजर्स यांच्याकडून काही प्रायोगिक नको होते. त्यांना लोकप्रिय गाणी हवी होती.

यानंतरचा प्रसंग मला फार आवडतो. स्वित्झर्लंडमध्ये बोवी एक बारा तारांची गिटार घेऊन आले आणि त्यांनी लोकगीताच्या ढंगात, सरळ खरडत एक गाणे वाजवून दाखवले, ज्याला ते नृत्यगीत म्हणत होते. रॉजर्स यांना त्यात नाचण्यासारखे काहीच दिसेना. शब्दांत ‘नाचू या’ असे म्हणायचे असेल तर ऐकणाऱ्याचे पाय हललेच पाहिजेत, अशी त्यांची धारणा होती. त्यांनी सूर वर चढवला, कॉर्डचे तुकडे केले, खरड काढून टाकून मध्ये शांत जागा सोडल्या आणि त्या जागांत प्रतिध्वनी घुमू दिला. तेच ‘लेट्स डान्स’. अल्बम कसा हवा हे सांगताना बोवी यांनी त्यांना एक छायाचित्र दाखवले होते. त्यात लाल सूट घातलेले लिटल रिचर्ड लाल रंगाच्या कॅडिलॅक गाडीत बसत होते. आधुनिक वाटावे आणि तरीही रॉक अँड रोलच्या मुळाशी असावे, एवढे रॉजर्स यांना त्यातून उमगले.

डिसेंबर १९८२ मध्ये न्यू यॉर्कच्या पॉवर स्टेशन स्टुडिओत ध्वनिमुद्रण अभियंता बॉब क्लियरमाउंटन यांच्या साथीने हा अल्बम अवघ्या १७ दिवसांत पुरा झाला. बोवी यांनी त्यात एकही वाद्य वाजवले नाही, ते फक्त गायले. मुख्य गिटारसाठी त्यांनी टेक्सासचा एक तरुण ब्लूजवादक आणला, जो त्यांनी माँट्रो महोत्सवात ऐकला होता. तो म्हणजे स्टीव्ही रे वॉन, ज्यांचा स्वतःचा पहिला अल्बम तेव्हा बाहेरही आलेला नव्हता. डिस्कोचा चकिंग करणारा हात आणि ब्लूजच्या ताणलेल्या तारा एकाच गाण्यात शेजारी बसल्या. ‘लेट्स डान्स’ अमेरिका आणि ब्रिटन या दोन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर गेले.

त्यानंतर त्यांनी कोणाकोणासाठी काम केले?

यादी लांब आहे. ऑस्ट्रेलियाच्या ‘इनएक्सएस’चे ‘ओरिजिनल सिन’, ‘डुरान डुरान’च्या ‘द रिफ्लेक्स’चे नवे मिश्रण आणि १९८६ चा ‘नोटोरियस’, मिक जॅगर आणि जेफ बेक यांचे १९८५ मधील अल्बम, ‘द बी-५२ज’चे ‘रोम’, आणि पुन्हा एकदा बोवी, १९९३ मध्ये. पुढे त्यांनी व्हिडिओ गेमच्या संगीताचे वितरण करणारी कंपनीही काढली.

मॅडोना यांच्या ‘लाइक अ व्हर्जिन’बद्दल मात्र एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या अल्बममध्ये गिटारवर रॉजर्स, बेसवर एडवर्ड्स आणि ड्रम्सवर ‘शीक’चेच ड्रमर टोनी थॉम्पसन आहेत. म्हणजे जग ज्याला नव्या दशकाचा ताजा आवाज समजत होते, तो प्रत्यक्षात पाच वर्षांपूर्वी झिडकारलेला ‘शीक’च होता.

इतर सहकाऱ्यांचा वाटा किती होता?

फार मोठा होता, आणि रॉजर्स स्वतः तो सतत सांगतात. एडवर्ड्स यांनी स्वतंत्रपणे रॉबर्ट पामर यांचे ‘ॲडिक्टेड टू लव्ह’ घडवले. टोनी थॉम्पसन यांचे ड्रम्स इतके दमदार होते की १९८५ च्या ‘लाइव्ह एड’ कार्यक्रमात ‘लेड झेपेलिन’चे उरलेले सदस्य एकत्र आले तेव्हा ड्रम्सवर त्यांना बसवण्यात आले. डिस्कोचा ड्रमर रॉकला पेलणार नाही, असे म्हणणाऱ्यांना याहून चांगले उत्तर नाही. ‘शीक’च्या मागे गाणाऱ्यांत तरुणपणीचे ल्यूथर व्हँड्रॉसही होते.

१९९६ मध्ये जपानमध्ये काय घडले?

एप्रिल १९९६ मध्ये रॉजर्स यांच्या गौरवार्थ तोक्योच्या बुडोकान सभागृहात कार्यक्रम झाला. एडवर्ड्स आजारी होते, तरीही त्यांनी वाजवण्याचा आग्रह धरला. कार्यक्रमादरम्यान एकदा बेस अचानक थांबला आणि काही क्षणांनी पुन्हा सुरू झाला. रॉजर्स यांना ती मुद्दाम सोडलेली जागा वाटली, पण एडवर्ड्स यांची शुद्ध हरपली होती. १८ एप्रिल रोजी हॉटेलच्या खोलीत न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले आणि त्यांना त्या अवस्थेत प्रथम पाहिले ते रॉजर्स यांनीच. एडवर्ड्स यांचे वय ४३ होते.

ते पुन्हा प्रकाशझोतात कसे आले?

२०१० मध्ये त्यांना कर्करोगाचे निदान झाले. त्यांनी उपचार घेत असतानाच अधिकाधिक वाजवायचे ठरवले. २०१३ मध्ये ‘डाफ्ट पंक’ या फ्रेंच जोडीबरोबर केलेले ‘गेट लकी’ जगभर गाजले आणि २०१४ च्या ग्रॅमी पुरस्कारांत ते वर्षातील सर्वोत्तम रेकॉर्ड ठरले. बियॉन्से यांच्या २०२२ च्या ‘कफ इट’मध्येही त्यांचीच गिटार आहे. २०२४ मध्ये त्यांना स्वीडनचा पोलर संगीत पुरस्कार मिळाला.

‘शीक’ला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये स्थान आहे का?

नाही. अकरा वेळा नामांकन होऊनही संचाची निवड झाली नाही. २०१७ मध्ये रॉजर्स यांना एकट्याला सांगीतिक उत्कृष्टतेबद्दल तेथे घेतले. ज्यांच्या बेस आणि ड्रम्सवाचून ते संगीत उभेच राहिले नसते, ते एडवर्ड्स आणि थॉम्पसन बाहेरच राहिले, ही मला गंभीर चूक वाटते.

नव्या श्रोत्याने ऐकायला कोठून सुरुवात करावी?

‘गुड टाइम्स’ची आठ मिनिटांची पूर्ण आवृत्ती घ्यावी, रेडिओसाठी कापलेली नको, आणि शक्य असल्यास हेडफोन लावून ऐकावी. पहिली तीन मिनिटे फक्त गिटारकडे लक्ष द्यावे आणि सोळा जागांपैकी किती जागी स्वर आहे, किती जागी नुसती ‘खट्’ आहे, हे बोटांवर मोजून पाहावे. मग एका टप्प्यावर बहुतेक सगळी वाद्ये बाजूला होतात आणि बेस, ड्रम्स व टाळ्या एवढेच उरते. तेथून पुढे एकेक वाद्य परत येत जाते. ते कोणत्या क्रमाने आणि कोणत्या मात्रेवर येते, हे टिपण्यासाठी गाणे पुन्हा सुरुवातीपासून लावावे लागेल.